नवी पद्धत व जुने हात

सन १९३६ मध्ये बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेची आगगाडी धावू लागली. उतारूंच्या दृष्टीने पाहता ही निखळ आनंदाची गोष्ट होती. धूर गेला, डोळ्यांत कोळशाचे कण जाण्याचे थांबले आणि मुंबई आमच्या वसई तालुक्याच्या अधिक जवळ आली. परंतु तीच गाडी वाफेच्या इंजिनावरील फायरमनच्या डोळ्यांनी पाहिली तर काय दिसते? विजेच्या गाडीला भट्टी नसते. आणि जेथे भट्टीच नाही, तेथे तीत कोळसा टाकणाऱ्या मनुष्याचेही काम उरत नाही. सुधारणा एकच, परंतु एकास ती सोय वाटते आणि दुसऱ्याच्या मनात तीच पोटाची चिंता उत्पन्न करते. हा दृष्टिभेद ध्यानात न घेता जो कोणी नव्या पद्धतीस विरोध करणाऱ्यांना आडमुठे, आळशी किंवा अडाणी म्हणून मोकळा होतो, त्याने विचार करण्याचे श्रम वाचवले एवढेच म्हणता येईल.

शाळेच्या वार्षिक अंकात कारखान्यांचा व कचेऱ्यांचा हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना थोड्याच वर्षांत या प्रश्नाच्या एका बाजूस किंवा दुसऱ्या बाजूस उभे राहावे लागणार आहे. कोणी वालीव, गोखिवरे, सातिवली येथील कारखान्यांत यंत्रावर उभा राहील, कोणी पहाटेच्या गाडीने मुंबईच्या कचेरीत जाईल, कोणी पालघरच्या सरकारी दप्तरात बसेल, तर कोणाच्या हाती पाच-पन्नास माणसांची व्यवस्था येईल. नवे यंत्र, नवी नोंदवही, नवे वेळापत्रक, नवा अधिकारी यांपैकी काहीतरी प्रत्येकाच्या वाट्यास येणारच. तेव्हा मनुष्य बदलास का अडवतो आणि ज्याला बदल घडवून आणावयाचा आहे त्याने कसे वागावे, याचा विचार आताच केलेला बरा.

प्रथम कारणांचा विचार करू. 'जुने ते सोने' असे म्हणणारी जी म्हण आपल्याकडे आहे, तिच्याकडे बोट दाखवून मनुष्यस्वभावच मुळी बदलाच्या विरुद्ध आहे, असे पुष्कळदा सांगण्यात येते. आमच्या मते हे अर्धसत्य होय. ज्या मनुष्यास नव्या पद्धतीचा जाच होतो असे आपण म्हणतो, तोच मनुष्य घरात विजेचा दिवा आनंदाने लावतो, खिशात मोबाइल फोन बाळगतो आणि मुलाला आपल्याहून वेगळे शिक्षण देण्यासाठी पोटास चिमटा घेतो. म्हणजे नवेपणाशी त्याचे वैर नाही. जो बदल त्याने स्वतः पसंत केला तो त्यास रुचतो. जो त्याच्यावर लादला गेला तो त्यास खुपतो. या दोहोंमधील अंतर समजले म्हणजे निम्मा प्रश्न सुटला.

उरलेला निम्मा समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. साध्या लेथवर वीस वर्षे काम केलेला एखादा टर्नर आहे. कापणाऱ्या हत्याराचा आवाज किंचित बदलला तरी धार गेली हे त्यास मापाशिवाय कळते. नवशिके पोरगे अडले म्हणजे त्याच्याकडे येते. मालकही अवघड काम त्याच्याच हाती देतो. एके दिवशी कारखान्यात संगणकावर चालणारे यंत्र येते. दुसऱ्या दिवसापासून ज्यास पडद्यावरील आकडे वाचता येतात असा विशीतला तरुण त्याच्याहून अधिक जाणता ठरतो. या टर्नरचे काय काय पणास लागले ते पाहा. पहिली त्याची भाकरी: या यंत्रामुळे माणसे कमी होणार काय? दुसरे त्याचे कसब: वीस वर्षांची पुंजी एका रात्रीत कवडीमोल झाली काय? तिसरा त्याचा मान: उद्या पोरगे कोणाकडे जाईल? आणि चौथा, जो या सर्वांच्या मुळाशी आहे, तो विश्वास: मागच्या वेळी जे सांगितले गेले ते पाळले गेले होते काय? व्यवस्थापक मात्र येऊन त्याला यंत्राचा वेग सांगतो. प्रश्न चार आणि उत्तर पाचव्याच गोष्टीचे! मग तो मनुष्य गप्प राहतो, काम रेंगाळते, यंत्र 'बिघडते', आणि व्यवस्थापक म्हणतो की, ही माणसे सुधारणार नाहीत.

ही गोष्ट केवळ कल्पनेतील नव्हे, हे दाखविण्यास मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पुरेसा आहे. सन १९२६ च्या पुढे काही गिरण्यांनी, विशेषतः ससून समूहाच्या गिरण्यांनी, कार्यक्षमता वाढविण्याची म्हणून एक नवी योजना सुरू केली. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावे, सूत कातणाराने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू पाहाव्या, असा तिचा सारांश. कागदावर हिशेब सरळ होता: थोड्या माणसांत अधिक काम, आणि उरलेल्यांस थोडा अधिक पगार. परंतु मागावर उभ्या असलेल्या मनुष्याचा हिशेब निराळा होता. सूत चांगले असेल तर तीन मागही चालतील. सूत वारंवार तुटत असेल तर तिसरा माग म्हणजे गळ्यातील धोंडा. शिवाय ज्याचा माग दुसऱ्याच्या हाती जाईल त्याने कोठे जावे? हे प्रश्न कामगारांस कोणी आधी विचारले नाहीत. सन १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगारांनी संप केला. पुष्कळांनी कोकणातील आपल्या गावांची वाट धरली. शेवटी फॉसेट समितीकडे चौकशी सोपविण्यात आली. सन १९२९ मध्ये तिने अहवाल दिला, त्यात नवी पद्धत तत्त्वतः मान्य केली, पण तिला कामगारांच्या संरक्षणाच्या अटीही असाव्यात असे मत दिले. म्हणजे मागाजवळील मनुष्य जे म्हणत होता त्यातील काही भाग चौकशीअंती ग्राह्य ठरला. मग तीच चौकशी योजना सुरू करण्यापूर्वी टेबलाभोवती बसून केली असती तर? सहा महिन्यांची मजुरी, सहा महिन्यांचे कापड आणि पुढे कित्येक वर्षे टिकलेली कटुता यांपैकी काही तरी खास वाचले असते.

येथे एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, "कामगारांस विचारत बसले तर कोणतीच सुधारणा होणार नाही. ज्याचे नुकसान व्हावयाचे आहे तो होकार कसा देईल?" आक्षेप वजनदार आहे आणि त्यास केवळ सद्भावनेच्या गोष्टी सांगून उत्तर देणे बरे नव्हे. म्हणून अनुभव काय सांगतो ते पाहू.

अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात पायजमे शिवण्याचा हारवुड नावाचा एक कारखाना होता. तेथे शिवणकामाची रीत वरचेवर बदलावी लागे, आणि प्रत्येक बदलाबरोबर काम घसरे व पुष्कळ मुली नोकरी सोडून जात. कोच व फ्रेंच या दोघा संशोधकांनी तेथे एक प्रयोग केला व त्याची हकीकत सन १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. एका गटास नवी रीत नुसती सांगण्यात आली. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले व त्यांनी बदल ठरविण्यात भाग घेतला. आणखी दोन गटांत सर्वांनीच विचारविनिमय केला. पहिल्या गटाचे काम पडले ते पुन्हा वर आलेच नाही, आणि चाळीस दिवसांत त्यातील शेकडा १७ जणींनी काम सोडले. ज्या गटांत सर्वांनी भाग घेतला त्यांचे काम लवकरच पूर्ववत झाले, इतकेच नव्हे तर पूर्वीपेक्षाही वाढले, आणि त्यांतून कोणीही निघून गेले नाही. परंतु या प्रयोगाचा सर्वांत बोधप्रद भाग पुढेच आहे. त्या पहिल्या, अपयशी गटातील उरलेल्या माणसांना काही महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून दुसऱ्या एका कामावर घातले, आणि या वेळी त्यांना विचारविनिमयात घेतले. तीच माणसे या खेपेस भराभर शिकली! आडमुठेपणा जर स्वभावात असता तर तो अडीच महिन्यांत नाहीसा कसा झाला? दोष माणसांत नव्हता, तो रीतीत होता.

परदेशचा दाखला आपल्याकडे लागू पडेल काय, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी अहमदाबादेकडे पाहावे. तेथील कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग बसविले, तेव्हा उत्तम यंत्रे असूनही कापड अपेक्षेइतके निघेना आणि खराब माल मात्र फार निघे. सव्वादोनशेच्या आसपास मागांवर एकोणतीस माणसे होती आणि त्यांची बारा निरनिराळी कामे होती. जो तो आपले तेवढे करी, आणि कोण कोणास जबाबदार हे कोणास नीट सांगता येत नसे. सन १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी सुचविले की, काही मागांचा मिळून एक गट करावा आणि त्या मागांचे सर्व काम एका लहान टोळीने अंगावर घ्यावे. सूचना कानी पडताच कामगारांनी ती उचलली आणि आपल्या टोळ्या आपणच जुळविल्या. आरंभी चढउतार झाले. परंतु काही काळाने काम वाढले व खराबी घटली. यंत्रे तीच, माणसेही तीच. नवे एवढेच की, कामाची मांडणी करण्याचा मान करणाऱ्यांना मिळाला.

तिसरा दाखला बँकांचा. आमच्या तालुक्यातील कित्येक घरांत बँकेची नोकरी म्हणजे प्रतिष्ठेची नोकरी मानली गेली आहे, म्हणून तो वाचकांस जवळचा वाटेल. हिशेबाच्या कामी संगणक आणण्यास बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी दीर्घकाळ विरोध केला, आणि त्या विरोधाच्या मुळाशी नोकऱ्या जाण्याचे भय होते. येथे दोन्ही पक्षांनी वाटाघाटीचा मार्ग धरला. सन १९८३ मध्ये पहिला करार झाला. त्याने थोडीच यंत्रे, तीही मर्यादित कामांपुरती, मान्य केली. पुढे १९८७ व १९९३ मध्ये आणखी करार होऊन मर्यादा सैल होत गेल्या. नोकरकपात न करण्याची हमी, यंत्रावर काम करणाऱ्यास विशेष भत्ता आणि शिक्षणाची सोय या गोष्टी वाटाघाटींतून पुढे आल्या. दहा वर्षे लागली, हे खरे. अधीर माणूस म्हणेल की दहा वर्षे वाया गेली. आम्ही म्हणू की, ज्यांनी आयुष्यभर लेजरवर लेखणी चालविली त्यांच्यापैकी पुष्कळजण पुढे त्याच खिडकीत संगणकासमोर बसलेले ग्राहकांनी पाहिले, ते या दहा वर्षांचे फळ होय.

आमच्या अंगणातील गोष्टही हेच सांगते. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या अनेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. पश्चिम पट्ट्यातील गावांनी 'आम्हांस न विचारता आमचे गाव शहरात घातले' अशी तक्रार केली व मोठे आंदोलन उभे राहिले. सन २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने काढला आणि ते प्रकरण न्यायालयात जाऊन वर्षानुवर्षे रेंगाळले. गावे आत असावीत की बाहेर, या वादात आम्हांस येथे पडावयाचे नाही. त्या बाबतीत आमच्या वाचकांच्या घरोघर भिन्न मते आहेत हे आम्ही जाणतो. गावकरी म्हणजे काही नोकर नव्हेत, हेही उघड आहे. परंतु गाव असो की गिरणी, विचारण्याचा क्रम चुकला म्हणजे काय होते, याचा धडा तोच आहे. जो प्रश्न आरंभी एका ग्रामसभेत ऐकता आला असता, तो नंतर रस्त्यावर व कोर्टात ऐकावा लागतो.

आता ज्यांच्या हाती व्यवस्था आहे किंवा उद्या येणार आहे, त्यांनी काय करावे? आमच्या अल्पमतीस सुचते ते येणेप्रमाणे.

पहिली गोष्ट, बदलाचे कारण आधी सांगावे, आणि ते खरे सांगावे. धंद्यात तोटा असेल तर तोटा म्हणावे. नफा वाढवावयाचा असेल तर तसे म्हणावे. नोकरवर्गास वाटते त्याहून अधिक कळत असते, आणि लपविलेले कारण उघडे पडले म्हणजे पुढच्या सत्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

दुसरी गोष्ट, विचारावयाचे ते निर्णयापूर्वी विचारावे. सर्व ठरवून झाल्यावर सभा बोलावणे आणि 'आपली मते मांडा' म्हणणे, यासारखा अपमान नाही. न विचारण्यापेक्षाही खोटे विचारणे वाईट. जी बाब ठरून चुकली आहे ती ठरली आहे असे स्पष्ट सांगावे, आणि जी अजून मोकळी आहे तिच्यावरच मत मागावे. यंत्र घ्यावयाचे की नाही हे मालक ठरवील. पण ते कोठे बसवावे, पाळ्या कशा लावाव्या, आधी कोणी शिकावे, हे यंत्राजवळ उभे राहणाऱ्यांना मालकाहून चांगले कळते.

तिसरी गोष्ट, भाकरीविषयीचे आश्वासन तोंडी न ठेवता कागदावर द्यावे. काही माणसे कमी करावी लागणार असतील तर किती, केव्हा आणि त्यांची व्यवस्था काय, हे लपवू नये. आक्षेपकास आमचे उत्तर येथे आहे. जेथे खरोखर कोणाचे नुकसान होणार आहे, तेथे गोड बोलण्याने ते भरून निघत नाही. त्याची भरपाईच केली पाहिजे. बदलापासून ज्यास लाभ होतो त्याने त्या लाभातील वाटा ज्यास झळ लागते त्याला द्यावा, हा साधा न्याय आहे.

चौथी गोष्ट, शिकण्यास अवधी द्यावा आणि त्या अवधीत चूक झाली तर हसू नये. पन्नाशीच्या मनुष्यास विशीतल्या तरुणासमोर अडखळावे लागणे ही मोठी कठीण परीक्षा असते. शहाणा व्यवस्थापक अशा जुन्या हातांस प्रथम आणि एकांतात शिकवितो, आणि मग त्यांच्याकडूनच इतरांस शिकवितो. त्यामुळे कसब नवे होते, पण मान जुनाच राहतो. वर सांगितलेल्या टर्नरच्या कानाची गरज नव्या यंत्रासही आहे. फक्त ती कोणीतरी ओळखली पाहिजे.

पाचवी गोष्ट, मधल्या माणसास विसरू नये. मुकादम, सुपरवायझर, हेडक्लार्क हे वरच्यांचे हुकूम खाली नेतात आणि खालच्यांची तक्रार वर नेतात. नव्या पद्धतीत त्यांचाच अधिकार पुष्कळदा कमी होतो, आणि तरी ती पद्धत त्यांनीच राबवावी अशी अपेक्षा असते. त्यांना अंधारात ठेवले तर उघड विरोध न होताही सर्व योजना मुकाट्याने जागच्या जागी विरते, आणि मग 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण खरी ठरते.

परंतु कर्तव्य एकाच पक्षास आहे असे आम्ही म्हणत नाही. नोकरवर्गानेही आपल्या विरोधाची परीक्षा केली पाहिजे. आपण अडवतो ते अन्याय होतो म्हणून, की शिकण्याचा कंटाळा येतो म्हणून? आपणांस जी सवलत सोडवत नाही तिच्यामुळे लोकांची गैरसोय तर होत नाही ना? खिडकीपुढील रांगेत तासन् तास उभा राहणारा पेन्शनर हाही या प्रश्नातील एक पक्षकार आहे, आणि त्याच्या वतीने बोलण्यास बहुधा कोणी नसते. ज्या विरोधाजवळ कारण आहे त्याने ते नीट शब्दांत मांडावे. ज्याच्याजवळ कारण नाही त्याने वाट मोकळी करून द्यावी. काम मुद्दाम बिघडविणे किंवा शिकण्याचे सोंग करून न शिकणे हा काही विरोध नव्हे, ती फसवणूक होय. आणि तिचे फळ शेवटी सर्वांनाच भोगावे लागते, कारण बुडालेल्या धंद्यात ना मालक तरतो ना मजूर.

एवढे सांगून झाल्यावर एकच विचार वाचकांपुढे ठेवतो. ज्या घरात छप्पर गळते त्या घरातील मनुष्य ओरडला म्हणजे आपण त्याचे तोंड बंद करीत नाही, वर चढून कौल पाहतो. नव्या योजनेस होणारा विरोध हीही अशीच एक सूचना असते: येथे कोणाची तरी भाकरी, कोणाचे कसब, कोणाचा मान उघडा पडला आहे. जो व्यवस्थापक ती सूचना वेळीच ऐकतो त्याची योजना सुधारते, आणि पुष्कळदा तिला सर्वांत कडवा विरोध करणारा मनुष्यच तिचा सर्वांत भरवशाचा आधार होतो. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी ज्यांच्या हाती उद्या अधिकार येईल त्यांनी हुकूम काढण्यापूर्वी एक दिवस यंत्राजवळ, खिडकीजवळ किंवा टेबलाजवळ उभ्या असलेल्या मनुष्याचे ऐकण्यात घालवावा, आणि ज्यांच्या हाती यंत्र येईल त्यांनी आपले म्हणणे निर्भयपणे व प्रामाणिकपणे सांगावे, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.